वसईच्या सहलीची पूर्वतयारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या बोरिवलीच्या घरी एक छोटेखानी गोलमेज परिषद भरली होती. गोल मेज आमच्या घरी नाही. दोन खोल्यांच्या जागेत चौकोनी मेजासच मुश्किलीने थारा मिळतो. परिषद मात्र खरी होती आणि तिच्यापुढील प्रश्नही बिकट होता. नाताळच्या सुट्टीत सर्व कुटुंबाने मिळून परदेशी अमदानीतले एखादे जुने गाव पाहावयास जावे, एवढ्यापुरते आमचे एकमत झाले होते. परंतु गाव कोणते, हे ठरविताना सभासदांत फूट पडली. घाटकोपरला राहणारे आमचे चिरंजीव म्हणाले, पाँडिचेरीस जावे; तेथील फ्रेंच वस्तीतल्या पिवळ्या भिंती पाहण्यासारख्या आहेत. सूनबाईंनी पणजीच्या फोंतेन्हासचा आग्रह धरला. मुलुंडची आमची कन्या दमणच्या पक्षाची होती. नातवाचे मत एवढेच, की जेथे पाणी असेल तेथे जावे. आणि आमच्या सौभाग्यवतींनी आपला ठराव एका वाक्यात मांडला, "माझे गुडघे जिथवर चालतील तिथवर मी येईन."

सर्वांचे बोलणे संपल्यावर मी म्हणालो, "आपण वसईस जाऊ."

यावर जो हशा पिकला, तो मी आपणांस ऐकवू शकत नाही. चिरंजीव म्हणाले, "बाबा, वसई म्हणजे विरारच्या गाडीतलं एक स्टेशन. तिथं लोक उतरतात, सहलीला जात नाहीत!"

त्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. जे घराजवळ असते ते पाहावयाचे राहून जाते, हा मनुष्यस्वभाव आहे. मी स्वतः चाळीस वर्षे बोरिवलीस राहत असून वसईचा किल्ला दोनदाच पाहिला आहे, आणि त्यातली एक खेप पावसामुळे फुकट गेली. तेव्हा वसईच का, याची कारणे मी त्या परिषदेपुढे मांडली. तीच आज आपणांपुढे मांडणार आहे. आपणही अंधेरी, बोरिवली, मुलुंड अथवा घाटकोपर यांपैकी कोठे राहत असाल, तर ती आपणांसही लागू पडतील.

आरंभी एक लहानसे गणित करू. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्या मुलखात मुंबईची बेटे होती, तशीच साष्टीही होती. साष्टी म्हणजे माहीमच्या खाडीपासून वसईच्या खाडीपर्यंत पसरलेले आपले सारे बेट. आज ज्यांस आपण उपनगरे म्हणतो ती सर्व साष्टीतली खेडी होत. पुढे १६६१ साली पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिचा विवाह इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्याशी ठरला, तेव्हा मुंबई आंदण म्हणून देण्याचे कबूल झाले आणि १६६५ साली इंग्रजांस तिचा ताबा मिळाला. ही गोष्ट शाळेतले प्रत्येक मूल जाणते. परंतु साष्टी त्या आंदणात गेली नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. माहीमच्या खाडीच्या एका तीरावर इंग्रजांचे राज्य आणि दुसऱ्या तीरावर पोर्तुगीजांचे, अशी स्थिती त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ होती. आज वांद्र्याहून माहीमला जावयास गाडीला चार-पाच मिनिटे लागतात. त्या काळी तेवढ्यातच परराज्य लागत असे.

१७३७ सालच्या मार्चअखेर मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या हाती आली. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे जिंकले व साष्टी मराठ्यांकडून गेली. आता वजाबाकी करा. आपल्या अंधेरी-बोरिवलीवर पोर्तुगीजांचा अंमल दोनशे तीन वर्षे चालला आणि मराठ्यांचा सदतीस. ज्या दोनशे तीन वर्षांत आपल्या गावच्या सारावसुलीचे आणि न्यायनिवाड्याचे धागे जेथे जाऊन मिळत, ते शहर वसई. दीव, दमण, चौल या सर्व उत्तरेकडील ठाण्यांचे मुख्य स्थान तेच होते. म्हणून मी घरच्यांस म्हणालो, की पाँडिचेरीस गेलो तर आपण दुसऱ्याची जुनी राजधानी पाहू; वसईस गेलो तर आपली पाहू.

या दोनशे वर्षांच्या खुणा आपल्या दाराशीच आहेत. बोरिवलीची मंडपेश्वराची लेणी घ्या. खडकात कोरलेले ते प्राचीन शिवस्थान, आणि त्याच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या मठाचे भग्न अवशेष. खाली लेण्यात एका भिंतीवर मोठा क्रूस कोरलेला आहे, आणि आज तेथे शिवाची पूजाही चालते. अंधेरीस मरोळच्या बाजूला, आता सीप्झच्या आवारात सापडलेले, १५७९ साली बांधलेले सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. १८४० साली साथीच्या रोगामुळे वस्ती तेथून उठली, तेव्हापासून त्या भिंती छपराविना उभ्या आहेत. संगणकाच्या कचेऱ्यांत जाणारी हजारो तरुण माणसे रोज तिच्या आसपास वावरतात. या सर्व खुणांचे मूळ वसईत आहे.

माझे भाषण संपते न संपते तोच नात म्हणाली, "आजोबा, माझ्या मैत्रिणीला नेऊ या का? तिचं आजोळ वसईलाच आहे. तिची आजी सामवेदी बोलते." ही मैत्रीण मुलुंडला माझ्या कन्येच्याच इमारतीत राहणारी, ख्रिस्ती घरातली, नातीच्याच वर्गात सातवीत शिकणारी मुलगी. नातीच्या मागणीने ठराव वसईच्या बाजूने पडला. नातवास त्याच्या बहिणीने सांगितले, की कोल्डप्ले नामक इंग्रजी वाद्यवृंदाच्या २०१६ सालच्या एका गीताचे चित्रण याच किल्ल्यात झाले आहे. तेव्हा तोही आमच्या पक्षास येऊन मिळाला. दोनशे वर्षांच्या इतिहासाने जे झाले नाही ते चार मिनिटांच्या गाण्याने झाले.

सर्वत्र आनंदीआनंद झाला. सौभाग्यवतींनी मात्र मजकडे पाहिले, आणि त्यांच्या मनात काय आले ते मी ओळखले. ती गोष्ट आता आपणांस सांगितली पाहिजे.

माझे शिक्षण शालान्त परीक्षेपर्यंतचे. त्यानंतर अध्यापनाची पदविका घेऊन मी प्राथमिक शाळेत शिक्षक झालो व पस्तीस वर्षांनी निवृत्त झालो. सातवीस मी इतिहास शिकवीत असे आणि त्यात वसईच्या मोहिमेवर माझे विशेष प्रेम होते. फळ्यावर मी किल्ल्याचा नकाशा काढी. सुरुंग कोठे लागले, तट कोठे फुटला, हे खडूच्या ठोक्यांनी दाखवी. "किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने किल्ल्यात उडवा," असे चिमाजीअप्पा म्हणाले, ही आख्यायिका सांगताना माझा आवाज चढे आणि मुले टाळ्या वाजवीत. "आपण" जिंकलो, "ते" हरले, अशी ती भाषा असे.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी असाच पाठ चालू असताना मागल्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. खाडीपलीकडच्या एका गावाहून होडीने येणारा, ख्रिस्ती कोळ्याचा मुलगा. मराठी त्याची माझ्याइतकीच स्वच्छ. त्याने विचारले, "गुरुजी, तेव्हा आम्ही कोणीकडे होतो?"

वर्ग हसला. मलाही उत्तर सुचले नाही. आणि शिक्षकास उत्तर सुचले नाही म्हणजे तो जे करतो तेच मी केले. मी म्हणालो, "खाली बस. परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत." मुलगा खाली बसला. वर्ष संपेपर्यंत त्याने इतिहासाच्या तासाला पुन्हा प्रश्न विचारला नाही.

श्रोतेहो, शिक्षकाच्या हातून पुष्कळ चुका होतात. बेरजेतली चूक दुसऱ्या दिवशी फळ्यावर सुधारता येते. ही चूक सुधारावयास मी वर्गात परत गेलो नाही. आणि आता वर्गच राहिला नाही. मात्र तेव्हापासून मी त्या मोहिमेविषयी जे मिळेल ते वाचीत आलो आहे, आणि नाताळात त्याच वयाची एक मुलगी माझ्यासमवेत त्याच तटापाशी उभी राहणार आहे. म्हणून या सहलीच्या तयारीत दशम्या आणि पाण्याच्या बाटल्या यांच्याइतकीच त्या प्रश्नाच्या उत्तराचीही तयारी मला करावयाची आहे.

आधी दशम्यांचे पाहू. सहलीचा दिवस आम्ही मुद्दाम रविवार धरला नाही. रविवारी दुरुस्तीसाठी गाड्यांचा जम्बो ब्लॉक असण्याचा संभव, शिवाय किल्ल्यात गर्दी. नाताळनंतरच्या आठवड्यातील कामाचा वार सर्वांत उत्तम. आपणांस वाटेल, कामाच्या दिवशी विरारची गाडी म्हणजे संकट. परंतु सकाळी सारी मुंबई दक्षिणेस धावत असते तेव्हा आपल्याला उत्तरेस जावयाचे आहे, आणि सायंकाळी ती उत्तरेस परतते तेव्हा आपण दक्षिणेस येणार आहोत. गर्दीच्या उलट दिशेने प्रवास करण्याचे सुख उपनगरवासीयांस क्वचितच लाभते. ते या सहलीत दोन्ही वेळा लाभते.

मुलुंडच्या मंडळींनी लोकलने घाटकोपरला यावे, तेथे चिरंजीवांच्या कुटुंबास बरोबर घ्यावे, आणि मेट्रोने अंधेरी गाठावी. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाल्यापासून मध्य आणि पश्चिम या दोन रेल्वेंच्या काठांवर विखुरलेल्या कुटुंबांची मोठीच सोय झाली आहे. पूर्वी दादरचा पूल चढल्यावाचून बहीणभावांची भेट होत नसे. अंधेरीहून पश्चिम रेल्वेने बोरिवलीस उतरावे. पावणेआठास फलाटावर सर्वांची मोजदाद होईल. तेथून विरारच्या गाडीने दहिसर, मिरा रोड, भाईंदर, नायगाव आणि मग वसई रोड.

भाईंदर सुटले की मुलांस डाव्या बाजूच्या खिडकीशी बसवावे. गाडी पुलावर चढते, खाली उल्हास नदीची रुंद खाडी असते आणि मध्ये पाणजू नावाचे बेट लागते. साष्टी संपली, हे तेथे डोळ्यांनी दिसते. ही खाडी डावीकडे समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाशी उत्तर तीरावर वसईचा किल्ला आहे. शहर तेथेच का वसविले, हा प्रश्न मुलांनी विचारण्यापूर्वीच पुलाने त्याचे उत्तर दिलेले असते. गुजरातच्या बाजूने येणारी गलबते आणि आत कल्याण-भिवंडीकडे जाणारा व्यापार, दोहोंवर ज्याची नजर राहील असा तो नाका आहे.

वसई रोड स्टेशनापासून किल्ला सहा-सात किलोमीटर आहे. पश्चिमेस बस व रिक्षा मिळतात. किल्ल्याच्या आत फराळाची सोय धरून चालू नये. माणशी दोन बाटल्या पाणी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, उकडलेले बटाटे आणि टोप्या, एवढे घरून न्यावे. सौभाग्यवतींसाठी घडीची खुर्ची नेण्याचे ठरले आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी पावसाळ्यात मुळीच जाऊ नये. त्या दिवसांत किल्ला हिरवागार दिसतो खरा, पण शेवाळाने दगड निसरडे होतात आणि गवतात पाय कोठे पडतो ते कळत नाही.

किल्ला लहान नव्हे. तटाच्या आतली जमीन सुमारे एकशे दहा एकर भरते. तेव्हा सर्वच पाहण्याचा हव्यास न धरता आम्ही चार मुक्काम निवडले आहेत.

पहिला मुक्काम सेंट जोसेफच्या चर्चचा. १५४६ साली ते उभारण्यास आरंभ झाला आणि १६०१ साली त्याची पुनर्बांधणी झाली. त्याचा उंच मनोरा आजही उभा आहे. येथे आणि शेजारच्या मठांच्या अवशेषांत पायाखाली थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज भाषेत नावे कोरलेली आहेत, त्यातली पुष्कळशी झिजून गेली आहेत. मुलांस एक ताकीद येथेच द्यावयाची आहे. भिंतींवर आपली नावे कोरण्याची खोड आपल्याकडील तरुणांस आहे. ज्यांनी पैसे मोजून, कारागीर लावून, काळ्या दगडात आपली नावे कोरून घेतली, त्यांचीही आज वाचता येत नाहीत. खिळ्याने ओरखडलेल्या नावाची काय कथा!

दुसरा मुक्काम येशू संघाच्या पाद्र्यांनी १५४९ च्या सुमारास आरंभिलेल्या चर्चचा. येथे संत गोन्सालो गार्सिया याचे स्मरण केले जाते. हा वसईत जन्मलेला पुरुष जपानमध्ये धर्मकार्यास गेला व १५९७ साली नागासाकी येथे इतर पंचवीस जणांसह क्रूसावर मृत्यू पावला. १८६२ साली त्यास संतपद मिळाले. वसईच्या एका माणसाचे नाव जपानच्या इतिहासात आहे, हे ऐकून नातू चकित झाला. त्या मैत्रिणीच्या आजोळी मात्र हे नाव लहान मुलासही ठाऊक असणार. म्हणून येथे मी बोलणार नाही. तिलाच सांगावयास लावणार आहे.

तिसरा मुक्काम उत्तरेकडील तटाचा. किल्ल्याच्या बाकीच्या बाजूंस पाणी आणि दलदल असल्यामुळे मराठ्यांस मोर्चे लावण्यास हीच बाजू मोकळी होती. चिमाजीअप्पा १७३९ च्या फेब्रुवारीत वसईपुढे आले. मल्हारराव होळकर व राणोजी शिंदे यांच्यासारखे सरदार या वेढ्यात होते. वाळूतून खंदक पुढे नेत नेत तटाखाली सुरुंग पोहोचविले गेले; आत भाजून मेलेल्यांची आणि बाहेर तटावरील माऱ्याने पडलेल्यांची गणती नव्हती. मे महिन्याच्या आरंभी सेंट सबॅस्टियन बुरुजापाशी सुरुंग उडून खिंडार पडले, आणि १६ मे १७३९ रोजी किल्ला सोडण्याच्या अटी ठरल्या.

इथवरचा पाठ मी पस्तीस वर्षे शिकविला. त्यापुढील मजकूर मी घाईने आटपीत असे. आणि खरी सहल मला तेथून पुढे करावयाची आहे.

त्या अटी काय होत्या? पोर्तुगीज शिबंदीने हत्यारांसह, वाजतगाजत, मानाने बाहेर पडावे. नागरिकांस आपली चीजवस्तू घेऊन जाण्यास मुभा असावी. आणि जे ख्रिस्ती रहिवासी मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. वेढ्यात हजारो माणसे गमावलेल्या सेनापतीने या अटी दिल्या. आठवडाभराने, २३ मे रोजी, मराठे शहरात आले. मी वर्गात चिमाजीअप्पांचे तोफेचे उद्गार सांगत असे, त्यास केवळ आख्यायिकेचा आधार आहे. या अटी मात्र लेखी आहेत. आवाज चढविला तो मी पहिल्यासाठी. दुसऱ्यासाठी चढवावयास हवा होता.

आता, जे मागे राहिले ते कोण? ज्यांची जहाजे होती ते गोव्यास गेले. परंतु भाताचे शेत जहाजात घालता येत नाही, केळीची वाडी गोव्यास नेता येत नाही, आणि कोळ्याने खाडी सोडून जावे कोठे? फिरंगी अमदानीत या मुलखात देवळे पडली, हे खरे आहे. गोव्यात १५६० साली स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा धाक येथवर पोहोचत असे. त्या जाचाने त्रासून अणजूरच्या गंगाजी नाईकांसारख्यांनी पेशव्यांस साकडे घातले, ही या मोहिमेची एक प्रेरणा होती, हेही खरे आहे. मुलीपासून यातले काही मी लपविणार नाही. परंतु नव्या धर्मात जे गेले त्यांच्यातला कोण भयाने गेला, कोण लाभासाठी गेला आणि कोण श्रद्धेने गेला, याचा निवाडा चारशे वर्षांनंतर त्यांच्या पणतवंडांच्या तोंडावर करण्याचा अधिकार मला नाही. गलबतातून उतरलेले पोर्तुगीज निराळे आणि येथील मातीत राबणारे हे लोक निराळे, एवढा साधा भेद मी माझ्या "ते" या एका शब्दात पुसून टाकीत होतो.

आणि भाषेचे पाहा. दोनशे वर्षांच्या परकीय अमलानंतरही या लोकांनी आपली बोली सोडली नाही. वसईतील ख्रिस्ती घरांत सामवेदी बोलली जाते, वाडवळी बोलली जाते, कोळी बोली ऐकू येते. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. माझ्या वर्गातल्या त्या मुलाची मराठी माझ्याइतकीच स्वच्छ होती, हे मी मघाशी म्हणालो. त्यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल मला वाटले, हाच माझ्या शिकवण्यातला दोष.

त्या विजयातून काय आले, हेही मुलांस सांगितले पाहिजे. आपण बोलण्यात "नारोशंकराची घंटा" म्हणतो. नाशिकच्या गोदाकाठच्या देवळातली ती घंटा वसईहून आणलेली असे सांगतात, आणि तिच्यावर १७२१ हे साल आहे. लहानपणी मला ती विजयाची खूण वाटे. आजही वाटते. परंतु एखादे गाव ज्या घंटेने उठत होते ती एके दिवशी वाजली नाही, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. दोन्ही भाग सांगितल्याने शौर्यास यत्किंचितही उणेपणा येत नाही.

चौथा आणि शेवटचा मुक्काम बंदराचा. वाटेत चिमाजीअप्पांचा पुतळा लागेल. तेथे आम्ही हात जोडू. पुढे गेल्यावर कोळीवाड्यात वलांडीवर सुकत घातलेले बोंबील आणि नांगरलेल्या होड्या दिसतील. सुलतान गेला, पोर्तुगीज गेले, पेशवे गेले. १७८० साली इंग्रजांनी हा किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने परत दिला, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तो तह केला, ज्याने मराठी राज्याच्या स्वातंत्र्याचा बळी दिला. चिमाजीअप्पांच्या विजयानंतर त्रेसष्ट वर्षांनी, त्याच गावात! एका गावाच्या नावावर आपल्या इतिहासातला एक मोठा विजय आणि एक मोठी नामुष्की अशी दोन्ही असावीत, असे क्वचितच घडते. या सर्व घडामोडींत जाळे टाकणारा माणूस तेवढा जागेवरून हलला नाही.

परतीचा मार्ग निराळा आहे. २०२४ साली भाईंदर आणि वसई यांच्या दरम्यान रो-रो फेरीबोट सुरू झाली. त्या दिवशीच्या फेऱ्यांच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात, आणि जमल्यास पाण्यावरून भाईंदरला येऊन तेथून गाडी धरावी. नातवाची पाण्याची अट येथे पुरी होते. किल्ला मागे पडताना पाण्यावरून दिसतो. १७३९ च्या मे महिन्यात जे गेले त्यांनी तो असाच पाहिला असेल. निघण्यापूर्वी वसईच्या बाजारातून सुकेळी घ्यावयास मात्र विसरू नये. केळी वाळवून केलेला हा पदार्थ मुलांस खाऊ म्हणून चालतो आणि दात नसलेल्या आजोबांसही चालतो.

येणेप्रमाणे आमची तयारी झाली आहे. एकच गोष्ट उरली. उत्तरेच्या तटापाशी, सौभाग्यवतींची खुर्ची सावलीत मांडून झाल्यावर, मी मुलांस तो जुना प्रश्न स्वतःच घालणार आहे, "तेव्हा आपण कोणीकडे होतो?" काय उत्तरे येतात ती मी ऐकेन. नंतर माझे सांगेन, की आपली माणसे तटाच्या दोन्ही बाजूंस होती. बाहेर लढणारी होती, तशी आत अडकलेलीही होती, आणि शेतात लपून दोन्हीकडच्या तोफा ऐकणारीही होती. त्या सर्वांची नातवंडे आज एकाच गाडीने वसईस आली आहेत.

माझा तो विद्यार्थी आता चाळिशीच्या घरात असेल. त्याचा ठावठिकाणा मला ठाऊक नाही. संध्याकाळच्या वेळी कोठे रेडिओ लावून तो बसला असेल, तर त्यास एवढेच सांगावयाचे आहे. बाळ, तुझा प्रश्न परीक्षेत येण्यासारखाच होता. उत्तर द्यावयास तुझ्या गुरुजींस पंचवीस वर्षे लागली. त्याबद्दल क्षमा कर.